थोरल्या काकांना काही झालं नाही, मग धाकट्यांनाच का?

पानगळ | रविवार, सकाळी ९:४०

गेल्या महिन्यात धाकट्या काकांचं तेरावं झालं. जेवणं उरकली, पुरुषमंडळी ओट्यावर टेकली आणि विषय निघायचा तो निघालाच. आमच्याकडे सात भावंडं. त्यातले पहिले थोरले काका ८२ वर्षं जगले, मिसरूड फुटल्यापासून विड्या ओढल्या, आणि गेले ते मोरीत पाय घसरून पडल्याचं निमित्त होऊन. सातवे धाकटे काका ६९ व्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. एका आईची लेकरं, एकाच टपरीवरून बंडल घेणारी. "रक्तातच असतं ते, विडीला कशाला नावं ठेवायची?" असं आतेभाऊ म्हणाला आणि अर्ध्या ओट्याने मान डोलावली. मान डोलावणाऱ्यांपैकी चौघांच्या खिशात पाकीट होतं, ही आपली माझी एक नोंद.

मी डॉक्टर नाही. औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीत पोट भरतो. पण "रक्तातच असतं" हा मुद्दा आमच्या ओट्यावर जन्मलेला नाही. तो ज्याने पहिल्यांदा जोरात मांडला तो माणूस आमच्या धंद्यातलं दैवत आहे, म्हणून हा धागा.

१९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधल्या २० हॉस्पिटलांतल्या रुग्णांच्या सवयी विचारल्या आणि सिगरेट व फुप्फुसाचा कॅन्सर यांची जोडी दाखवून दिली. त्याच वर्षी अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांना तेच दिसलं. १९५१ पासून डॉल-हिलनी ब्रिटनमधल्या सुमारे ४० हजार डॉक्टरांचाच पाठपुरावा सुरू केला. तेव्हा रोनाल्ड फिशर उठले. आज कुठल्याही विद्यापीठात आकडेवारीचं जे काही शिकवतात त्यातलं अर्धं या माणसाचं. तोंडात कायम पाइप. त्यांचं म्हणणं असं, की दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. कदाचित एखादी जन्मजात ठेवण माणसाला सिगरेटकडेही ओढत असेल आणि कॅन्सरकडेही. पुरावा म्हणून त्यांनी जर्मनीतल्या जुळ्यांची आकडेवारी काढली. एकसारख्या जुळ्यांच्या ओढण्याच्या सवयी सारख्या असतात, साध्या जुळ्यांच्या तितक्या नसतात. (ते तंबाखू कारखानदारांच्या समितीचे सल्लागारही होते. पण पैसे घेतले म्हणून तर्क आपोआप चुकीचा ठरत नाही, त्याला तर्कानेच उत्तर द्यावं लागतं.)

ते १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलं. ओढणाऱ्यांना कॅन्सर ९ पट जास्त होत असेल आणि खरा गुन्हेगार सिगरेट नसून एखादं जनुक असेल, तर ते जनुक ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा निदान ९ पट जास्त सापडायला हवं. दाखवा असं जनुक. फिशर १९६२ मध्ये गेले. जनुक काही कोणी दाखवलं नाही.

आणि मग एप्रिल २००८ मध्ये ते सापडलं! एकदम तीन गटांना, एकाच महिन्यात. आइसलँडमधला एक, फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेचा एक आणि अमेरिकेतला टेक्ससचा एक. तिघांचं बोट १५ व्या गुणसूत्राच्या एकाच तुकड्यावर. तिथे शेजारीशेजारी तीन जनुकं आहेत आणि तिघांचं काम एकच, निकोटीन ज्या कुलपात चावीसारखं बसतं ते कुलूप बनवणं. त्यातलं सीएचआरएनए५ हे नाव लक्षात ठेवा. त्याच्या एका रूपात प्रथिनाच्या ३९८ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. हे रूप आईवडिलांपैकी एकाकडून आलं तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे १.३ पट, दोघांकडून आलं तर साधारण १.८ पट.

म्हणजे फिशरना हवं होतं ते जनुक पन्नास वर्षांनी मिळालं, पण ९ पटवालं नव्हे, १.३ पटवालं. आणि सिगरेट स्वतः दहा-वीस पटीत खेळते.

चर्चा व्हावी. चुकलो तर कान धरा.

खोडसाळ_खंडू | रविवार, सकाळी १०:१५

म्हणजे हे रूप नसेल तर बिनधास्त ओढायची? (हलके घ्या. बाल्कनीतून टाइप करतोय, कशासाठी आलोय ते सांगत नाही.)

पानगळ | रविवार, सकाळी १०:५०

खंडूशेठ, तुमच्यासाठीच आकडे काढून ठेवलेत. ब्रिटनमधल्या पुरुषांचा हिशेब, डॉल आणि पेटो यांचा, २००० सालचा. शेवटपर्यंत सिगरेट न सोडणाऱ्या शंभरांपैकी सुमारे १६ जणांना ७५ व्या वर्षापर्यंत फुप्फुसाचा कॅन्सर गाठतो. साठीला सोडली तर १०, पन्नाशीला ६, चाळिशीला ३, तिशीला सोडली तर २ पेक्षाही कमी. कधीच न ओढणाऱ्यांत अर्धा टक्काही नाही.

या १६ मध्येच आमच्या ओट्यावरच्या वादाचं मूळ आहे. उरलेले ८४ म्हणजे प्रत्येक गावातले थोरले काका! ते डोळ्यांसमोर हिंडतात, दाखला द्यायला बरे पडतात. सोळा जण फोटोत जातात. आणि त्या ८४ मधले कितीतरी हार्टने नाहीतर दम लागून जातात, ते कोणी विडीच्या खात्यावर मांडत नाही. न सोडणाऱ्यांपैकी निदान निम्मे कुठल्या ना कुठल्या वाटेने तंबाखूनेच जातात, असं ब्रिटनमधल्या त्याच ४० हजार डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाठपुराव्यात दिसलं.

जुना_मास्तर | रविवार, दुपारी १२:०५

लेख आवडला. एक भर घालतो. १.३ पट कशाच्या, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. शाळेत व्याजाची गणितं शिकवली, तीच इथे लावा. मुद्दल अर्धा टक्का असेल तर १.३ ने गुणून हाती काय येतं? अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त. मुद्दल १६ असेल तर २० च्या पुढे जातं. जनुक म्हणजे व्याजाचा दर, सिगरेट म्हणजे मुद्दल. त्यातही हे १५ व्या गुणसूत्रावरचं रूप कधीच न ओढणाऱ्यांत जवळपास काहीच करत नाही असं दिसतं. मुद्दलच नाही तर व्याज कशावर?

फिशरसाहेबांचं जुळ्यांचं हत्यार मात्र पुढे त्यांच्यावरच उलटलं. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे, स्वीडन इथल्या एक लाखाहून जास्त जुळ्या व्यक्तींचा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात अशा एकसारख्या जोड्या वेचल्या की एक भाऊ ओढतो आणि दुसऱ्याने कधीच ओढली नाही. जनुकं तीच, पोटही तेच. ओढणाऱ्याला कॅन्सरचा धोका न ओढणाऱ्या भावाच्या सुमारे पाचपट. सगळं रक्तात असतं तर दोघांचा धोका सारखा निघायला हवा होता. त्याच अभ्यासात ओढणाऱ्या जुळ्यांत या कॅन्सरमध्ये अनुवंशाचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास निघाला. शून्य नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे.

सिन्नरकरीण | रविवार, दुपारी १:३०

तुम्ही सगळे सिगरेट सिगरेट करताय, काका तर विडी ओढायचे ना? माझी आई तीस वर्षं विड्या वळत होती. रात्री तेंदूची पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कापायची, सुपात पानं आणि तंबाखू घेऊन बसायचं, वळून दोरा बांधायचा, तोंड नखाने दुमडायचं. शाळेतून आलं की दोरा बांधायचं काम आमच्याकडे. हाताचा वास जायचा नाही, मग डब्यातल्या भाकरीलाही तोच.

विडीत तंबाखू सिगरेटच्या पावपटही नसतो, म्हणून लोक म्हणतात विडी हलकी. पण त्या पानातून हवा आत जात नाही, दोन मिनिटं ओढली नाही की विझते. ती पेटती ठेवायला माणूस भराभर झुरके मारतो. म्हणून विडीतून निकोटीन आणि डांबर सिगरेटला मागे टाकेल इतकं आत जातं. ब्रिटनच्या डॉक्टरांचे आकडे आमच्या माणसांना जसेच्या तसे कसे लावणार?

आणि माझा खरा प्रश्न. आमच्या आळीतल्या एका काकूंना हाच कॅन्सर झाला. जन्मात विडी ओढली नाही. त्यांचं काय?

स्लाइडवाली | रविवार, दुपारी ३:१०

सिन्नरकरीण, तुमच्या प्रश्नाला मी हात घालते, कारण माझं रोजचं काम तेच. पॅथॉलॉजीत आहे, बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइडी. आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरचे न ओढणारे रुग्ण कमी नाहीत. मुंबईत टाटाच्या एका अभ्यासात तर निम्म्याहून थोडे जास्तच निघाले होते. चुलीचा धूर, दुसऱ्याच्या विडीचा धूर, हवेतली घाण, अशी बरीच कारणं आहेत, आणि कधी कधी खरंच कुठलंच बोट ठेवता येत नाही.

पण इथे एक घोटाळा रोज होतो, तो लिहिते. न ओढणाऱ्या बाईचा रिपोर्ट येतो, त्यावर "ईजीएफआर म्युटेशन: पॉझिटिव्ह, एक्झॉन १९". मुलगा रिपोर्ट घेऊन खिडकीशी उभा राहतो आणि विचारतो, "मॅडम, म्हणजे आईच्या जीनमध्ये दोष आहे. आता माझ्या मुलींची टेस्ट करू का?" परवाच एकजण हे विचारताना रडकुंडीला आला होता.

तर, नाही. हा बदल आईला तिच्या आईकडून आलेला नाही आणि तिच्याकडून पुढे जाणारही नाही. तो फुप्फुसातल्या एका पेशीत कधीतरी झाला आणि त्या पेशीची पिलावळ म्हणजे ती गाठ. बाकी शरीरात तो नाही. उलट हा बदल सापडला तर बातमी त्यातल्या त्यात चांगली, कारण त्यावर चालणाऱ्या गोळ्या आहेत. न ओढणाऱ्यांच्या गाठींत तो जास्त सापडतो. ईजीएफआरमधला जन्मजात दोष घराण्यात उतरतो अशी कुटुंबं जगात आहेत, पण अगदी विरळा.

म्हणजे "जीन" हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पानगळ सांगताहेत ते जन्मतः मिळालेलं. माझ्या रिपोर्टमधलं नंतर बिघडलेलं. आणि बिघडवण्यात धुराचा हात कोणी धरणार नाही. रोज एक पाकीट, असं वर्षभर ओढलं तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० नवे बदल होतात, असा २०१६ मध्ये एका मोठ्या गटाने हिशेब मांडला. "रक्तात होतं" म्हणणाऱ्यांना सांगा, रक्तात नव्हतं, आपण रोज आत घातलं.

पानगळ, एक विचारू? दोन्ही काका विडी *कशी* ओढायचे, आठवतं का?

पानगळ | रविवार, सायंकाळी ५:००

स्लाइडवाली, नेमकं वर्मावर बोट. दोघांना ओढताना शेकडो वेळा पाहिलं असेल, पण कशी ते नाही सांगता येत. आत्याला विचारतो, ती ७८ ची आहे पण स्मरण खणखणीत.

हा प्रश्न वर्मी का, ते लिहितो. २००८ नंतर त्या तीन गटांत जुंपली. आइसलँडवाले म्हणाले, हे रूप असलेला माणूस सिगरेट जास्त ओढतो, म्हणून त्याला कॅन्सर जास्त होतो, एवढंच. बाकीचे म्हणाले, छे, हे रूप दिवसाला जेमतेम एक सिगरेट वाढवतं, एका सिगरेटने ३० टक्के धोका कसा वाढेल? जनुक फुप्फुसावर थेटच काहीतरी करत असणार. दोघांचंही पटण्यासारखं होतं.

गाठ सुटली ती कोटिनिनमुळे. निकोटीन शरीरात मोडलं की कोटिनिन होतं, ते रक्तात किंवा लघवीत मोजता येतं. दिवसाला तितक्याच सिगरेटी ओढणाऱ्या दोघांचं कोटिनिन मोजलं, तर हे रूप असलेल्याचं जास्त निघतं. म्हणजे पाकिटं तेवढीच, पण झुरका खोल, धूर आत जास्त वेळ, थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत. २०१२ मध्ये हे नीट मांडलं गेलं, आणि कोटिनिनचा फरक धरला की धोक्यातली वाढ बव्हंशी त्यातच बसते. जनुक कॅन्सर करत नाही, झुरका खोल करतं!

कारणही गमतीचं आहे. मेंदूत हॅबेन्युला नावाचा एक बारका भाग आहे. निकोटीन फार झालं की तो "पुरे, आता मळमळतंय" असा इशारा देतो. सीएचआरएनए५ त्या इशाऱ्याच्या तारेत बसलेलं आहे. २०११ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. साधे उंदीर निकोटीनचा डोस वाढला की मागे सरायचे, हे उंदीर घेतच राहायचे. यांना कोणी "बास" म्हणणारंच नव्हतं.

जुना_मास्तर | रविवार, रात्री ८:२०

थांबा. झुरक्याचा मुद्दा फिशरनेच काढला होता, तो तुम्ही सोयीस्करपणे गाळलात. डॉल-हिलच्या १९५० च्या माहितीत "धूर आत घेता का?" असा प्रश्न होता, आणि "हो" म्हणणारे कॅन्सरच्या रुग्णांत इतर रुग्णांपेक्षा किंचित *कमी* निघाले होते. फिशरने त्यावरून टर उडवली की मग धूर आत घेणं तब्येतीला चांगलं म्हणा! याचं काय उत्तर?

पानगळ | रविवार, रात्री ९:०५

मास्तर, पकडलंत. उत्तर तुमच्या वाक्यातच आहे, "म्हणणारे". धूर किती आत जातो हे ओढणाऱ्यालाच कळत नाही. पन्नास वर्षं ओढणारा माणूस आत न घेता ओढतच नाही, तरी "नाही हो, तोंडातच ठेवतो" म्हणतो. रक्त खोटं बोलत नाही, आणि फिशरच्या काळात कोटिनिन मोजण्याची सोय नव्हती. त्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता, मोजपट्टी चुकीची होती.

ओसाकाकर | सोमवार, पहाटे ५:४५

इथली एक भर. यकृतात सीवायपी२ए६ नावाचं विकर निकोटीन मोडतं. काहींचं हे काम संथ चालतं, काहींचं जोरात. संथवाल्यांना एक सिगरेट बराच वेळ पुरते, म्हणून ते कमी ओढतात आणि त्यांना कॅन्सरही कमी होतो. जपानमध्ये हे जनुक संपूर्ण गायब असलेले लोक बऱ्यापैकी आहेत. उलट सीएचआरएनए५ चं ते रूप युरोपात तिघांत एक गुणसूत्र या हिशेबाने सापडतं, तर चीन-जपानकडे फारच विरळ. त्यामुळे "एशियन जीन" वगैरे फॉरवर्ड आले तर डिलीट करा.

खोडसाळ_खंडू | सोमवार, सकाळी ८:३०

आता खरंच विचारतो, हलके घेऊ नका. बाबांना हाच होता. एका "वेलनेस" कंपनीचा माणूस सोसायटीत स्टॉल लावून बसतो, थुंकीवरून जीन टेस्ट. करू का? वय ४७, रोजच्या बारा.

स्लाइडवाली | सोमवार, सकाळी ९:१५

खंडू, वडिलांना होता हीच तुमची टेस्ट, आणि ती फुकट झालेली आहे. आईवडील किंवा भावंडांत कोणाला असला तर धोका साधारण दीडपट धरतात. थुंकीच्या रिपोर्टमध्ये १.३ आला काय किंवा ०.९ आला काय, डॉक्टर तुम्हाला सांगायचं ते एकच सांगतील. डीएनएवरून धोका कळवला की लोक सवयी बदलतात का, यावरच्या १८ चाचण्या २०१६ मध्ये एकत्र करून पाहिल्या, काही फरक दिसला नाही. धोका जास्त निघाला तर माणूस म्हणतो नशीब, कमी निघाला तर म्हणतो चला, अजून एक.

त्या पैशात छातीच्या डॉक्टरांना भेटा. निकोटीनचं च्युइंगम असतं, व्हॅरेनिक्लीन नावाची गोळी असते. ती त्या कुलपातच अर्धवट बसते, म्हणजे तलफही भागते आणि सिगरेटची मजाही जाते. सरकारी क्विटलाइन १८००-११-२३५६, फोन फुकट आहे. कमी डोसच्या सीटी स्कॅनबद्दलही विचारा. अमेरिकेत २०११ मध्ये ५३ हजार लोकांवरच्या चाचणीत त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी झाले होते. पण ती चाचणी ५५ च्या पुढच्या, तीस वर्षं रोज पाकीटभर ओढलेल्या लोकांवर होती, आणि आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग सीटीत गाठीसारखे दिसून नसता घोर लागतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

खोडसाळ_खंडू | सोमवार, रात्री १०:४०

आज एका सिगरेटचे झुरके मोजले. चौदा. बायको म्हणते मोजायच्या नादात दोन जास्तीच्या ओढल्यास. क्विटलाइनचा नंबर तिने फ्रिजवर चिकटवलाय, पाच आकडे इडलीच्या चुंबकाखाली गेलेत.

पानगळ | मंगळवार, रात्री ९:३०

आत्याशी बोललो. दोन्ही काकांचं रक्त कोणी तपासलेलं नाही, तेव्हा यावरून जनुकाचा काहीही निष्कर्ष काढू नका. आणि थोरल्यांना नशिबाने साथ दिली असणार, तीही थोडीथोडकी नाही. तरी ती म्हणाली ते तसंच उतरवतो.

"धाकट्याचं विचारू नको. विडी पेटली की बोलायचा नाही, कोणी हाक मारली तरी नाही. गाल आत जायचे. बोटं अशी पिवळी की लग्नात हळद लावायची गरज नव्हती. आणि थोरला? त्याला ओढायला सवड कुठे होती? एक झुरका मारला की गप्पा सुरू. विडी विझायची, कानावर ठेवायचा. पुन्हा काडी लावायची, पुन्हा गप्पा. काडेपेटीचाच खर्च जास्त. सकाळी अंथरूण काढताना उशीखाली अर्ध्याच विड्या मिळायच्या, कानावरनं पडलेल्या."